मऊ पाण्याचे अकरा दिवस

मागावरून नुकतंच उतरलेलं कोरं कापड पाणी पीत नाही. त्यावर थेंब टाकला तर तो अळूच्या पानावर बसावा तसा गोल बसून राहतो. दुकानातून कापड घेणाऱ्याला हे माहीत नसतं, कारण त्याच्या हाती येईपर्यंत ते कापड पाणी प्यायला शिकलेलं असतं. शिकवणाऱ्यांत मी एक होते.

मागावर ताण्याच्या, म्हणजे उभ्या सुतांना फार मार बसतो. साधं सूत त्या माराने तुटून जाईल. म्हणून विणण्याआधी त्याला खळ पाजतात. आपण सुती लुगड्याला घालतो तीच खळ, पण पुष्कळ जास्त. विणून झालं की खळीचं काम संपतं. पण ती आपणहून जात नाही. ती सुताला धरून बसते आणि रंगाला आत येऊ देत नाही. म्हणून रंगाच्या आधी कापड उकळायचं, पांढरं करायचं, आणि त्या सगळ्याच्याही आधी खळ काढायची. खळ निघाली की नाही हे बघायचं काम मी एकोणीस वर्षं केलं.

आमचा कारखाना शिरपूरच्या बाहेर होता. तिथे कापड विणत नसत, विणलेल्या कापडाला धुवून, पांढरं करून, रंग देत. आधी मी घडीखात्यात होते. पन्नास बायका, सगळ्यांची तोंडं चालू, आणि मी गप्प. मला लहानपणापासून चार माणसांत बोलायला जमत नाही. शब्द घशापर्यंत येतात आणि परत जातात. चौथीपर्यंत शाळा झाली, तिथेही गुरुजींनी प्रश्न विचारला की उत्तर येत असून मी पाटीवर लिहून दाखवायची. प्रयोगशाळेत थेंबाचं काम करायला कुणीतरी हवं होतं, हात न हलणारं आणि आकडे वाचणारं, तेव्हा मला तिकडे घातलं. एक टेबल, एक खुर्ची, एक खिडकी. घडीखात्यातल्या बायका म्हणायच्या, "मंगलले खुर्ची भेटनी. आते आपलासंगे काय बोलस ती!" मी खुर्ची नव्हती तेव्हाही बोलत नव्हते, पण ते सांगायलासुद्धा बोलावं लागलं असतं.

काम असं. जिगर नावाचं यंत्र असतं. दोन मोठे रूळ आणि मधे गरम पाण्याची कुंडी. कापड एका रुळावरून सुटतं, कुंडीत बुडतं, दुसऱ्या रुळावर गुंडाळलं जातं, मग उलट फिरतं. कुंडीत खळ काढणारं एन्झाइम टाकलेलं असतं. काही तासांनी जिगरवाला कापडाच्या काठाचा तळहाताएवढा तुकडा कापून माझ्याकडे पाठवायचा. मी तो गार पाण्यात धुवायची, टिपायची आणि त्यावर आयोडीनचा एक थेंब टाकायची. खळ असेल तर थेंब निळा-काळा होतो. थोडी असेल तर जांभळा. नसेल तर आहे तसा पिवळसर राहतो. भिंतीवर जांभळ्या पट्ट्यांचा तक्ता होता, त्याला लावून बघायचं आणि चिठ्ठीवर आकडा लिहायचा.

पहिल्याच दिवशी बाटली उघडताना थोडं आयोडीन माझ्या पदरावर सांडलं आणि पदर शाईसारखा निळा झाला. मला वाटलं, कारखान्याचं काहीतरी बिघडवलं. मग लक्षात आलं, लुगड्याला मीच खळ घातली होती. त्यानंतर मला नादच लागला. एका लहान बाटलीत थोडं आयोडीन मी घरी नेलं, ही चोरी आता कबूल करते. भाकरीवर टाकलं, काळं. बटाट्यावर, काळं. कच्च्या केळ्यावर, काळं. आणि त्याच घडातलं केळं पिकल्यावर टाकलं तर जेमतेम कुठे डाग. म्हणजे केळ्यातली खळ कुठेतरी गेली होती. कुठे, ते तेव्हा कळलं नाही.

एकदा सुरतेचा एक व्यापारी स्वतःचं कापड घेऊन आला. म्हणाला, खळ आम्ही काढून आणली आहे, तुम्ही फक्त रंग द्या. मी थेंब टाकला, निळा-काळा. तो म्हणाला, "इस बाईने स्याही डाली." त्याच्या पांढऱ्या सदऱ्याच्या बाहीला कडक इस्त्री होती, धोब्याची खळ घातलेली. मी त्याच्या बाहीकडे बघितलं आणि बाटली थोडी पुढे केली. त्याने हात मागे घेतला आणि कापड धुवायला दिलं.

मला या कामातलं जे कळतं ते भारंबे मॅडममुळे. मॅडम जळगावच्या, मेहरूणकडच्या, वयाने माझ्या मुलीएवढ्या. आमच्या प्रयोगशाळेत केमिस्ट म्हणून आल्या. शिकलेल्या माणसांना प्रश्न विचारलेला आवडत नाही असं मला वाटायचं. मॅडमना उलट मी विचारत नाही याचा राग यायचा. एकदा डबा खाताना त्या म्हणाल्या, "मंगलताई, भाकरीचा घास गिळू नका. चावत राहा." मी चावत राहिले. बऱ्याच वेळाने भाकरी गोड लागायला लागली. "आता साखर कुठून आली?" त्यांनी विचारलं. मी मान हलवली. त्या म्हणाल्या, "भाकरीतलं पीठ म्हणजे साखरेच्याच मण्यांची लांब माळ. तुमच्या थुंकीतलं एन्झाइम ती माळ तोडतं. जिगरमध्ये हेच चाललेलं असतं. खळ म्हणजे माळ, आपलं एन्झाइम म्हणजे ती तोडणारा. तुकडे झाले की पाण्याबरोबर वाहून जातात. केळं पिकतं तेव्हाही हेच."

एन्झाइम जिवंत नसतं, पण जिवंत गोष्टींतून येतं. ते प्रथिनाचा एक लांब धागा असतं, गुंडाळून गुंडाळून विशिष्ट आकार घेतलेला. त्या आकारात एक खाच असते. खाचेत माळ येऊन बसते, तुटते, सुटते, आणि खाच मोकळी होते. पुन्हा दुसरी माळ. एन्झाइम स्वतः खर्च होत नाही. म्हणून टाकीभर पाण्याला ते एवढंसं पुरतं. आणि ज्याची खाच त्यालाच ती बसते. खळीचं एन्झाइम कापसाला हात लावत नाही, नाहीतर खळीबरोबर कापडही गेलं असतं. फक्त फार तापवलं की धागा उकलतो, खाच मोडते, आणि मग ते काही कामाचं राहत नाही. कारखान्यात सगळ्यांना एन्झाइमविषयी एवढी एकच गोष्ट माहीत होती: उकळलं की मेलं.

त्यामुळे जिगरवाल्याच्या हाती सगळं होतं. आमचे जिगरवाले हिलाल नाना. सातपुड्याच्या पायथ्याच्या गावाकडचे, अंगाने काटक, डोक्याला पांढरा रुमाल. जिगरवरच्या तापमानाच्या काट्याला वाफ लागून तो कधीच अडकला होता. नाना उलटा हात रुळावर टेकवायचे आणि मोजायचे. तीनवर चटका बसला की ताप बरोबर. दोनच्या आत हात काढावा लागला तर वाफ कमी करायची, चारपर्यंत टिकला तर वाढवायची. कुणी काट्याविषयी विचारलं तर हाताची मागची बाजू दाखवायचे. तिथली कातडी टाचेसारखी जाड झाली होती. "हाऊ मना थर्मामीटर." तुकडा घेऊन स्वतः यायचे, खिडकीत उभे राहायचे आणि विचारायचे, "काय व माय, निंघनी का खळ?" मी चिठ्ठी पुढे करायची. ते चिठ्ठी न बघता माझ्या तोंडाकडे बघायचे आणि म्हणायचे, "निंघनी." त्यांच्या हातची खळ निघाली नाही असं वर्षातून एखाददोनदा झालं असेल.

मग पाणी बदललं.

आमच्याकडचं बोअरचं पाणी जड. डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, बादलीला पांढरा थर धरतो. कारखान्यात बॉयलरच्या नळ्यांत तोच थर बसायचा आणि रंगात पांढरट ठिपके यायचे. मॅनेजर साहेबांनी पाणी मऊ करण्याचं यंत्र आणलं. नारळ फोडला, पेढे वाटले, मोबाइलवर फोटो काढले. पहिल्याच दिवशी हात धुताना सगळे हसत होते. "देखा, साबन कसा फसफसी राह्यना!" बायका घरून धुणं आणायच्या गोष्टी करत होत्या. खांदेशातल्या माणसाला मऊ पाणी म्हणजे देवाचं पाणी. ते काही बिघडवेल असं कुणाच्या मनातही येणं शक्य नव्हतं.

त्या दिवशी दुपारी नानांनी तुकडा आणला. थेंब निळा झाला. मी दुसरा टाकला. निळा. नाना माझं तोंड बघून म्हणाले, "नही निंघनी?" त्यांनी पुन्हा कापड फिरवलं, पुन्हा एन्झाइम घातलं. जांभळ्यापर्यंत आलं, पिवळं झालं नाही. दुसऱ्या दिवशी तेच. दुपारचा एक रूळ मात्र स्वच्छ निघाला. तिसऱ्या दिवशी पुन्हा निळं. चौथ्या दिवशी पुन्हा दुपारचा एक रूळ स्वच्छ.

माझी एक वही होती. चिठ्ठ्या हरवतात म्हणून मी रोजचे आकडे त्यात उतरवायची, आणि शेजारी काही दिसलं तर ते. पाऊस, वीज गेली, नवीन पिंप उघडलं, असं. ही वही माझ्याकडेच राहिली आहे, आणि तिच्या मागच्या कोऱ्या पानांवर मी हे लिहिते आहे. चौथ्या दिवशी संध्याकाळी मी आधीच्या दिवसांची पानं चाळली. दुसऱ्या दिवशी दुपारी स्वच्छ रुळासमोर मी लिहिलं होतं, "मिठाची पोती आली." चौथ्या दिवशीही यंत्राजवळ मिठाची पोती रिकामी होताना मी खिडकीतून पाहिली होती.

मऊ पाण्याच्या यंत्राला दिवसाआड मीठ पाजून ताजं करावं लागतं. त्या दोन-तीन तासांत यंत्र बंद असतं आणि कुंड्यांत सरळ बोअरचं पाणी येतं. हे मला ठाऊक होतं, कारण तेवढ्या वेळात माझ्या नळाच्या पाण्यात साबणाला फेस येत नव्हता. म्हणजे जड पाणी आलं की खळ निघत होती आणि मऊ पाणी आलं की निघत नव्हती. कारण मला माहीत नव्हतं. पण नानांचा हात दोन्ही वेळा तोच होता, एवढं मला दिसत होतं.

मॅडम असत्या तर मी वही त्यांच्यापुढे सरकवली असती. पण घरच्या लग्नासाठी त्या दोन आठवड्यांच्या रजेवर होत्या. राहिले मॅनेजर साहेब, ज्यांनी नारळ फोडला होता.

पाचव्या दिवशी साहेब जिगरजवळ आले. खात्यातले सगळे होते. मी निकालाची चिठ्ठी घेऊन दाराशी उभी होते. साहेब म्हणाले, "नाना, एन्झाइम उकळून मारताय तुम्ही. काटा बंद, आणि तुम्ही हाताने ताप बघता. हा काय पोराला ताप आलाय का?" काही जण हसले. नाना म्हणाले, "साहेब, वीस वरीसपाईन मना हात चुकना नही. आते चुकाले लागना का?" साहेब म्हणाले, "वय झालं की कातडी बधिर होते." नानांनी हात मागे घेतला आणि पाठीशी लपवला. मी चिठ्ठी कमरेला खोचली आणि परत आले.

दारातून जिगरपर्यंत वीस पावलं असतील. त्यानंतर रोज मी ती वीस पावलं मनात चालले. काय बोलायचं ते वाक्यसुद्धा तयार होतं: "साहेब, मीठ घालतात तेव्हा खळ निघते." एवढंच. पण मग साहेब विचारतील, 'का?', आणि ते 'का' मला माहीत नाही. हसतील. म्हणतील, चौथी शिकलेली बाई यंत्राला नावं ठेवते. मला खुर्चीचीही भीती होती, खोटं कशाला सांगू. खुर्ची गेली तर पुन्हा घडीखातं. आणि असंही वाटायचं की मॅडम येतीलच आठ दिवसांत, तोवर काय बिघडतं.

पुष्कळ बिघडलं. नाना पुन्हा पुन्हा रूळ फिरवत होते. खिडकीत यायचे पण "निंघनी का" विचारत नव्हते. तुकडा ठेवायचे आणि दुसरीकडे बघायचे. एकदा मी बघितलं, ते डाव्या हाताने ताप बघत होते, उजव्यावर भरवसा नसल्यासारखे. आजूबाजूचे त्यांना "हात थर्मामीटर" म्हणून हाक मारू लागले होते. जे नाव ते स्वतः अभिमानाने घेत होते, तेच.

अकराव्या दिवशी शाळेच्या गणवेशाच्या निळ्या कापडाची घाई होती. माझ्या चिठ्ठीवर आकडा वाईट होता. साहेब म्हणाले, "चालेल, पाठवा पुढे." रंगातून कापड बाहेर आलं तेव्हा अंगावर गजकर्ण उठावं तसे फिकट चट्टे उठले होते. सगळं खातं बघायला जमलं. साहेबांनी चिठ्ठीचं नाव काढलं नाही. नानांना म्हणाले, "उद्यापासून तुम्ही गाडे ओढायला जा. जिगरवर दुसरा माणूस देतो." नानांनी रुमाल झटकला, डोक्याला बांधला, आणि गाड्यांकडे न जाता फाटकाकडे गेले.

तेराव्या दिवशी मॅडम आल्या. हाताची मेंदी अजून लाल होती. मी नमस्कार केला नाही, कशा आहात विचारलं नाही. वही उघडून त्यांच्यापुढे ठेवली आणि दोन ओळींवर बोट ठेवलं. मॅडमनी वाचलं. मागे गेल्या, पुढे आल्या. मग कपाळावर हात मारून म्हणाल्या, "अगं बाई, कॅल्शियम!"

त्यांनी तीन काचेची भांडी घेतली. तिन्हींत सारखी खळ, सारखं एन्झाइम. पहिल्यात बोअरचं पाणी, दुसऱ्यात मऊ पाणी, तिसऱ्यातही मऊ पाणीच, पण त्यात एका बरणीतले चार पांढरे दाणे. तिन्ही भांडी गरम पाण्यात बसवली. अर्ध्या तासाने मी थेंब टाकले. पहिलं पिवळं, दुसरं निळं, तिसरं पिवळं.

मग त्यांनी समजावलं. काही एन्झाइमं एकटी काम करत नाहीत. त्यांना एक लहानसा जोडीदार लागतो, त्याला कोफॅक्टर म्हणतात. आमच्या एन्झाइमचा जोडीदार कॅल्शियम. माळ तोडायचं काम कॅल्शियम करत नाही. त्यांनी माझ्या डोक्याकडे बोट दाखवलं. "तुमच्या अंबाड्यातला आकडा काढा." मी काढला, अंबाडा सुटून पाठीवर आला. "आकडा म्हणजे काही केस नाही. पण तो अंबाड्याला आकारात धरतो. कॅल्शियम तेच करतं. ते नसलं की गरम पाण्यात एन्झाइमचा धागा लवकर उकलतो आणि खाच मोडते." सगळ्यांचा जोडीदार असा नुसता धरणारा नसतो, असंही त्या म्हणाल्या. पांढरं केल्यावर कापडात उरलेलं पेरॉक्साइड मोडायला आम्ही दुसरं एन्झाइम वापरायचो, त्याच्या खाचेतच लोखंड बसलेलं असतं आणि ते स्वतः कामाला हात लावतं. तसलंच आपल्या रक्तातही असतं, म्हणून जखमेवर पेरॉक्साइड टाकलं की फेस येतो. काहींना जस्त लागतं. काहींना ब जीवनसत्त्वापासून बनलेला जोडीदार लागतो. दवाखान्यात मिळणाऱ्या त्या गोळ्या आपण शक्तीच्या म्हणून गिळतो. खरं तर आपण आपल्या एन्झाइमांना जोडीदार पाठवत असतो.

"पण इतकी वर्षं आपण कॅल्शियम कधी घातलं?" मी विचारलं.

"घालायची गरजच नव्हती. बोअरच्या पाण्यात भरपूर होतं. डाळ शिजू देत नाही ते हेच, बादलीला धरतं तेही हेच. यंत्राने ते काढून घेतलं."

मला त्याचं फार नवल वाटलं. ज्याला आम्ही जन्मभर नावं ठेवली तेच आमचं काम चालवत होतं, आणि ते नळातून फुकट येत होतं म्हणून कुठल्याच कृतीत लिहिलेलं नव्हतं. पिंपावर कंपनीने बारीक अक्षरात लिहिलंही होतं म्हणे, पाणी मऊ असेल तर कॅल्शियम घाला. ते इंग्रजीत होतं आणि पाणी कधी मऊ नव्हतंच.

मॅडमनी तीन भांडी नेऊन साहेबांना दाखवली. साहेब म्हणाले, "बरं, मग एक पोतं मागवा." संपलं. तेरा दिवसांचा घोळ एका पोत्यात मिटला. साहेब पुन्हा मोबाइलकडे वळले. मी मॅडमच्या मागे उभी होते. माझ्या तोंडून आलं, "आणि नाना?"

साहेबांनी वर बघितलं. माझा आवाज त्यांनी बहुधा पहिल्यांदाच ऐकला होता. "नानांना कुणी काढलंय? ते आपणहून गेले. यायचं तर येऊ द्या."

दुसऱ्या दिवशी मी सुट्टी टाकली आणि काळ्या-पिवळ्या गाडीने नानांच्या गावी गेले. नाना ओट्यावर बाज विणत होते. त्यांची बायको, सगळे तिला अक्का म्हणत, दारातून म्हणाली, "ये माय, बस. पानी पी." मी पाणी प्यायले आणि सगळं सांगितलं. पाणी, मीठ, तीन भांडी, आकडा, अंबाडा. त्यांच्या बोलीत बोलले, तीच माझीही बोली, आणि मला नवल वाटलं की शब्द अडत नव्हते. नानांचे हात दोरीवर थांबले होते.

"म्हंजे मना हात बराबर व्हता," ते म्हणाले.

"बराबर व्हता, नाना."

त्यांनी उजवा हात उलटा करून बघितला. अक्का हसली, डोळे पुसले. मला वाटलं, झालं, आता उठावं. तेव्हा नानांनी विचारलं, "तुले कवय समजनं?"

ते मॅडमचं नाव घेऊन टाळता आलं असतं. वही त्यांनी पाहिली नव्हती.

"चौथा दिवसले," मी म्हटलं.

नानांचा अंगठा बोटांच्या पेरांवरून सरकत गेला. ते मनात मोजत असावेत. अक्का म्हणाली, "म्हंजे पुढला सात दिवस तुले माहीत व्हतं? त्या सात दिवसमा यास्ले अन्न गोड लागनं नही." आणि ती आत गेली.

"मंग बोलनी कसाले नही?" नाना म्हणाले. आवाज चढवला नाही.

"माले धीर व्हयना नही."

"धीर मालेबी नही व्हता. साहेबनासमोर मी एकलाच बोलनू." ते दोरी पुन्हा विणायला लागले. दोन फेरे झाल्यावर म्हणाले, "सकायले मी येसू. बठ्ठासमोर सांगजो. पानीनं सांगजो, नि चौथा दिवसनंबी सांगजो."

सकाळी पाळी बदलताना नाना आले. धुतलेला सदरा, नवा रुमाल. पाळीवर येणारे आणि जाणारे दोन्हीकडचे लोक जिगरजवळ होते. साहेबही फेरीवर होते. मॅडम दाराशी थांबल्या. मी ती वीस पावलं चालले. मी नानांकडे बघून सांगायला लागले. पाणी मऊ झालं, त्यातलं कॅल्शियम गेलं, म्हणून खळ निघेना. ताप बरोबर होता. नानांचा हात बरोबर होता.

मागून घडीखात्यातली एकजण म्हणाली, "मंगल बोलनी व माय!" आणि लोक हसले. साहेब म्हणाले, "झालं, झालं. कळलं सगळ्यांना. चला कामाला."

"तिले बोलू द्या, साहेब," नाना म्हणाले.

मी बोलले. "मला हे चौथ्या दिवशी कळलं होतं. वहीत लिहिलेलं आहे. साहेब नानांना बोलले तेव्हा मी दाराशी होते. मी बोलले नाही."

कुणी हसलं नाही. नानांनी मान हलवली, एकदाच. साहेब जरा नरमून म्हणाले, "नाना, घ्या मग जिगर ताब्यात. नवा काटाही बसवतो."

"मी कामाले नही उनू, साहेब," नाना म्हणाले. "मी आयकाले उनू."

आणि ते गेले. ऐकायला आले होते, ऐकलं आणि गेले. मॅडम त्यांच्यामागे फाटकापर्यंत गेल्या, मी गेले नाही. त्यांना थांबवण्याचा हक्क मला नव्हता. ते पुन्हा कधी कारखान्यात आले नाहीत. गावाकडे शेती होती, मुलं हाताशी होती, त्यांचं अडलं नाही. आमचं मात्र अडलं. नवा काटा बसला, कुंडीत कॅल्शियम पडू लागलं, खळ निघू लागली, पण एकदा नव्या माणसाचा ताप खरोखरच चुकला आणि काटा पुन्हा अडकला होता हे कुणाला कळलंही नाही.

त्या दिवशी संध्याकाळी मी घरी निघाले तर फाटकावरच्या पहारेकऱ्याने मला थांबवलं. सकाळी त्याने नानांना बाहेरच्या माणसांच्या वहीत नोंदवून आत सोडलं होतं. वीस वर्षं त्या फाटकातून आत-बाहेर केलेल्या माणसाला बाहेरचा म्हणून लिहिताना तोही ओशाळला होता. नाव, गाव, वेळ लिहिली होती. एक रकाना रिकामा होता.

"आठे भेटीचं कारण लिखनं पडस," तो म्हणाला. "नाना कसाले उनात? त्यास्नी काही सांगं नही."

मी त्याच्याकडून पेन घेतलं आणि रकान्यात लिहिलं, 'मंगलची चूक ऐकण्यासाठी.'

त्याने वाचलं आणि माझ्याकडे बघितलं. "असं लिखतस का कोनी?"

"राहू दे," मी म्हटलं, आणि त्याच्या मागे उभ्या असलेल्या घडीखात्यातल्या बायकांनाही वाचता यावं म्हणून वही तशीच उघडी ठेवून बाहेर पडले.